मानेतलं ब्लॉकेज किती टक्के? डॉपलर, सीटी आणि एमआरआयची उत्तरं वेगळी का येतात

डॉपलरच्या रिपोर्टवर ७० टक्के ब्लॉकेज लिहिलेलं असतं. चार दिवसांनी सीटी अँजिओग्राफी होते आणि तिच्यात ५५ टक्के येतं. मग घरात चर्चा सुरू होते: पहिला सेंटरवाला चुकला की दुसरा, आणि ऑपरेशनचं आता काय करायचं? पूर्वी हा प्रश्न पक्षाघात होऊन गेलेल्यांच्या घरी पडायचा. आता ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांमध्येही मानेचा डॉपलर दिसतो, त्यामुळे ठणठणीत माणसंही टक्क्यांचा आकडा घेऊन घाबरलेली असतात. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रेस्ट-२ या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि काही त्रास नसताना मानेतलं ब्लॉकेज काढावं का, हा जुना वाद पुन्हा वर आला.

दोन रिपोर्ट जुळले नाहीत म्हणजे कुणीतरी चुकलंच, असं बहुतेक वेळा नसतं. दोन यंत्रांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात आणि उत्तर मात्र दोघांनीही टक्क्यांत छापलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की रिपोर्ट वाचायची भीती निम्मी होते आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही नेमके सुचतात.

मानेत नेमकं काय अरुंद होतं?

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्या मानेतून वर जातात. मागच्या दोन वाहिन्या मणक्यांच्या हाडांतल्या भोकांमधून जातात. पुढच्या दोन, म्हणजे श्वासनळीच्या डाव्या-उजव्या बाजूला बोट ठेवल्यावर ज्यांचा ठोका लागतो त्या, कॅरोटिड धमन्या. प्रत्येक कॅरोटिडला कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे आणि डोक्याच्या कातडीकडे जातो. दुसरा कवटीत शिरून मेंदूला आणि डोळ्याला रक्त पुरवतो.

फाटा फुटतो तिथे वाहिनी जरा फुगीर असते. रक्ताचा प्रवाह तिथे मंदावतो, भिंतीलगत उलटसुलट फिरतो, आणि नेमकं तिथेच कोलेस्टेरॉल, दाहाच्या पेशी आणि पुढे कॅल्शियम भिंतीत साठत जातं. या थराला प्लाक म्हणतात. त्यामुळे आतली वाट अरुंद होते, त्याला वैद्यकीय भाषेत स्टेनोसिस असं नाव आहे. बोलताना आपण ब्लॉकेज म्हणतो, इथेही तोच शब्द वापरतो.

वाट अरुंद झाली, रक्त कमी पोचलं, म्हणून पक्षाघात झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण जास्त वेळा घडतं ते वेगळंच. प्लाकचा पृष्ठभाग फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून वर जातो आणि मेंदूतली बारीक वाहिनी बंद करतो. मानेतल्या या आजाराचा पक्षाघाताशी असलेला संबंध १९५१ मध्ये मिलर फिशर या कॅनडातल्या न्यूरॉलॉजिस्टने ठळकपणे मांडला. काही मिनिटं एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि पुन्हा दिसायला लागतं, ही त्याची एक खूण. अर्ध्या अंगाचा जोर अचानक जाणं, बोलताना शब्द अडखळणं, तोंड वाकडं होणं आणि थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होणं, ही दुसरी. याला टीआयए किंवा बोलीत मिनी स्ट्रोक म्हणतात.

या यादीत चक्कर नाही. ‘मानेची नस दबली म्हणून गरगरतं’ असं सांगून डॉपलर लिहून घेणारे पुष्कळ असतात. पण नुसती चक्कर, सोबत दुसरं काहीच नाही, अशी तक्रार सहसा कॅरोटिडमुळे नसते. चक्कर आली म्हणून डॉपलर केला आणि त्यात ५० टक्के ब्लॉकेज निघालं, तर ते चक्करेचं कारण सापडलं असं समजू नये. दोन्ही गोष्टी एकाच माणसात निव्वळ योगायोगाने असू शकतात.

डॉपलर: ही वेग मोजणारी तपासणी आहे

कॅरोटिड डॉपलर म्हणजे मानेची सोनोग्राफी. उताणं झोपवतात, मान किंचित उलट्या बाजूला वळवायला लावतात, थंड जेली लावतात आणि हातातलं प्रोब गळ्याच्या बुडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरवतात. पडद्यावर आधी करड्या रंगात वाहिनीची भिंत आणि तिच्यावरचा प्लाक दिसतो. मग त्यात लाल-निळे रंग भरतात, ती रक्ताच्या प्रवाहाची दिशा. शेवटी डॉक्टर एका जागी थांबतात, ठोक्याबरोबर ‘हूश्श, हूश्श’ आवाज येतो आणि पडद्यावर टोकदार डोंगरांची रांग उमटते. त्या डोंगराच्या शिखराची उंची म्हणजे ठोक्याच्या वेळचा रक्ताचा सर्वाधिक वेग. रिपोर्टवर पीएसव्ही म्हणून जो आकडा असतो, तो हाच.

टक्के काढले जातात ते मुख्यतः या वेगावरून. शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. पाट एखाद्या ठिकाणी अरुंद झाला की तेवढ्या जागी पाणी जोरात धावतं, कारण मागून येणारं सगळं पाणी तेवढ्याच चिंचोळ्या वाटेने काढायचं असतं. डॉपलर हा वेग पाहून अंदाज करतो की पाट इथे किती चिंचोळा झाला असेल.

अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंड या संस्थेने २००३ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरवलेल्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. अनेक ठिकाणी आजही त्याच वापरतात. वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ब्लॉकेज ५० टक्क्यांच्या आत. १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यातला वेग खालच्या मूळ वाहिनीतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त आहे का, हेही पाहतात.

म्हणजे डॉपलरचं उत्तर मुळात एका पट्ट्यात येतं: ५० च्या आत, ५० ते ६९, ७० च्या वर. रिपोर्टवर नेमका ‘६४ टक्के’ असा आकडा दिसला तर तो वेगावरून आलेला नसून चित्रावर रेघ ओढून मोजलेला असण्याची शक्यता जास्त. तो कसा मोजला हे विचारायला हरकत नाही.

आता पाटाचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण डॉपलर कुठे फसतो ते त्यातच कळतं. एका बाजूचा पाट पूर्ण बुजला तर सगळं पाणी दुसऱ्या पाटाने जायला लागतं आणि तो अजिबात अरुंद नसताना तिथे वेग वाढतो. तसंच, एका बाजूची कॅरोटिड पूर्ण बंद असेल तर दुसऱ्या बाजूचं ब्लॉकेज डॉपलरवर आहे त्यापेक्षा मोठं दिसू शकतं. विहिरीवरची मोटारच क्षीण असेल तर चिंचोळ्या जागीही पाणी धावत नाही. हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा हृदयातून बाहेर पडणाऱ्या मुख्य वाहिनीची झडप आकसलेली असेल, तर मानेतलं मोठं ब्लॉकेजही किरकोळ वाटू शकतं. आणि पाट इतका बुजला की नुसती ओल झिरपतेय, तर वेग वाढण्याऐवजी पडतो. ९५ टक्क्यांच्या पुढचं ब्लॉकेज डॉपलरवर म्हणूनच फसवं असतं. ‘वेग नॉर्मल’ असा शेरा येऊ शकतो, किंवा धागाभर प्रवाह चालू असतानाही वाहिनी पूर्ण बंद आहे असं वाटू शकतं.

याखेरीज प्लाकमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर त्याची सावली पडते आणि मागचं दिसत नाही. मान आखूड आणि जाड असेल किंवा फाटा जबड्याच्या हाडामागे उंचावर असेल तर प्रोब पोचत नाही. प्रवाहाच्या दिशेशी ध्वनिलहरींचा कोन ६० अंशांपेक्षा जास्त झाला तर कोनातल्या छोट्याशा चुकीने वेगाचा आकडा बराच बदलतो. हे सगळं तपासणाऱ्याच्या हातावर आणि धीरावर अवलंबून असतं. परदेशात हे काम बहुधा प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदलेलं असावं लागतं आणि ते डॉक्टर हाताळतात. ही जमेची बाजू. पण दिवसभर पोटाच्या सोनोग्राफी चालणाऱ्या सेंटरमध्ये मानेचा डॉपलर पाच मिनिटांत उरकला तर त्या आकड्यावर फार विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही पहिली तपासणी म्हणून डॉपलरला तोड नाही. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, किडनीवर भार नाही, खर्च कमी, आणि तालुक्याच्या गावीही होऊ शकते.

सीटी अँजिओग्राफी: वाहिनीचा नकाशा

यात हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं द्रव्य, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वेगाने सोडतात आणि ते मानेत पोचलं की काही सेकंदांत स्कॅन होतो. अंगात एकदम गरम लाट आल्यासारखं वाटतं, तेवढंच. चित्रात छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून ते मेंदूच्या आतल्या वाहिन्यांपर्यंत अख्खा रस्ता दिसतो. वेगाचा अंदाज नाही. आतल्या वाटेची रुंदी थेट मोजता येते.

आपल्यासाठी या अख्ख्या रस्त्याचं महत्त्व जास्त आहे. गोऱ्या लोकांच्या तुलनेत भारतीयांमध्ये, आणि एकूणच आशियाई लोकांमध्ये, कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आढळतं. मानेचा डॉपलर जबड्याच्या खालीच थांबतो. पक्षाघात झालेल्या माणसाचा ‘मानेचा डॉपलर नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होणं त्यामुळे धोक्याचं आहे.

सीटीची अडचण कॅल्शियमची. चुन्याचा जाड थर चित्रात आहे त्याहून मोठा आणि चकचकीत दिसतो, त्यामुळे वाट खरी किती उरली आहे ते झाकलं जातं. दुसरी अडचण क्ष-किरणांची, तिसरी कॉन्ट्रास्टची. ‘कॉन्ट्रास्टने किडनी जाते’ ही भीती आपल्याकडे फार आहे. किडनीचं काम नीट चालू असेल तर हा धोका फार कमी असतो, पूर्वी मानत असत त्याहूनही कमी. खरी काळजी घ्यावी लागते ती रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या रक्त गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, ३० च्या खाली असलेल्यांची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, तर टेबलावर चढण्याआधी सांगावं.

एमआर अँजिओग्राफी: कॉन्ट्रास्टसह आणि कॉन्ट्रास्टविना

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. वाहिन्या पाहण्याच्या दोन पद्धती आहेत. एक विनाकॉन्ट्रास्ट, ज्यात वाहतं रक्तच चमकतं. ब्लॉकेजच्या जागी रक्त घुसळून निघतं आणि तिथली चमक जाते, त्यामुळे ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. कधी तर वाहिनी मध्येच तुटल्यासारखी दिसते. दुसरी गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देऊन केलेली, ती बरीच नेमकी. किडनी अगदी निकामी असेल तर गॅडोलिनियम जपून वापरावं लागतं. जुना पेसमेकर आणि बंद जागेची भीती हे नेहमीचे अडथळे आहेतच.

डीएसए: जुनी कसोटी

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालून ती मानेपर्यंत नेतात, तिथे कॉन्ट्रास्ट सोडतात आणि क्ष-किरणांची चित्रं घेतात. ‘हार्टची अँजिओग्राफी’ होते तशीच ही मानेची. मेंदूच्या अँजिओग्राफीची सुरुवात पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला केली. आज इतर तपासण्या किती बरोबर आहेत हे ठरवताना त्यांची तुलना याच पद्धतीच्या चित्राशी करतात.

मग हीच का करू नये? कारण तपासणीच कधी कधी पक्षाघात घडवते. नळी फिरताना भिंतीवरचा प्लाक निसटू शकतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकास या अमेरिकी चाचणीत, ऑपरेशनच्या तयारीसाठी ज्यांची अँजिओग्राफी झाली त्यांच्यात १.२ टक्के जणांना तपासणीमुळेच पक्षाघाताचा त्रास झाला. आजच्या अनुभवी हातांत हा धोका कमी झाला आहे, पण शून्य नाही. म्हणून नुसत्या निदानासाठी डीएसए आता क्वचित करतात. बाकीच्या तपासण्यांचा मेळ बसत नसेल, किंवा त्याच वेळी स्टेंट टाकायचा असेल, तर करतात.

टक्के कशाचे?

गोंधळाचं सगळ्यात मोठं मूळ यंत्रात नाही, गणितात आहे. समजा, ब्लॉकेजच्या जागी आत १.५ मिलिमीटर वाट उरली आहे. हा मोजलेला आकडा, त्यावर वाद नाही. पण ‘किती टक्के बंद’ हे काढायला मूळ वाट किती होती ते ठरवावं लागतं.

अमेरिका-कॅनडातली नॅसेट ही चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने ब्लॉकेजच्या वरची, पुढची निरोगी वाहिनी आधाराला धरली. ती ५ मिलिमीटर असेल तर ५ पैकी ३.५ गेले, म्हणजे ७० टक्के. त्याच काळातल्या युरोपीय चाचणीने ब्लॉकेजच्याच जागी वाहिनी मुळात किती रुंद असेल याचा अंदाज धरला. ती जागा मुळातच फुगीर असते, समजा ८ मिलिमीटर. मग ८ पैकी ६.५ गेले, म्हणजे ८१ टक्के. माणूस तोच, वाहिनी तीच, चित्रही तेच, आणि दोन आकड्यांत ११ टक्क्यांचा फरक.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या डॉपलर रिपोर्टांत बराच दिसतो: क्षेत्रफळाचे टक्के. वाहिनीचा आडवा छेद घेऊन त्यातला किती भाग प्लाकने व्यापला ते मोजतात. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाऊण जातं. म्हणजे व्यासाने ५० टक्के असलेलं ब्लॉकेज क्षेत्रफळाने ७५ टक्के लिहिलं जातं. ते गणित चूक नाही, पण ऑपरेशनचे निकष व्यासावर आधारलेले आहेत. क्षेत्रफळाचे ७५ टक्के वाचून ऑपरेशनची तारीख घ्यायला निघालेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायलाच हवं. आज जगभर बहुतेक ठिकाणी नॅसेटची पद्धत चालते, म्हणून रिपोर्टवर ‘नॅसेट पद्धतीने’ असा उल्लेख आहे का ते पाहावं, नसेल तर विचारावं.

नॅसेटच्या पद्धतीलाही एक खाच आहे. ब्लॉकेज जवळजवळ पूर्ण झालं की त्याच्या पुढची वाहिनी रक्ताअभावी आकसते. मग आधाराचा आकडाच लहान होतो आणि टक्के कमी येतात. अनुभवी रेडिओलॉजिस्ट अशा वेळी टक्के न लिहिता ‘जवळजवळ बंद’ असं शब्दांत लिहितात. अशा रुग्णांना ऑपरेशनचा फायदा फारसा होत नाही असं आढळलं आहे, म्हणून हे वेगळं ओळखणं महत्त्वाचं.

मग जास्त अचूक कोण?

जोआना वॉर्डलॉ आणि सहकाऱ्यांनी ४१ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा लेखाजोखा मांडला. ज्यांच्यात खरोखर ७० ते ९९ टक्के ब्लॉकेज आहे असे १०० रुग्ण घेतले, तर कॉन्ट्रास्टसह एमआर त्यातले ९४ पकडते. डॉपलर ८९, विनाकॉन्ट्रास्ट एमआर ८८ आणि सीटी ७६. उलट बाजूने, ज्यांच्यात एवढं ब्लॉकेज नाही अशा १०० जणांपैकी ‘नाही’ असं बरोबर सांगण्यात सीटी ९४ आणि कॉन्ट्रास्टसह एमआर ९३ वर होती. डॉपलर आणि विनाकॉन्ट्रास्ट एमआर ८४ वर.

या आकड्यांवरून सीटीला कमी लेखू नये. त्या अभ्यासांतली यंत्रं आजच्यापेक्षा जुनी होती. माझ्या मते यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. डॉपलरच्या नजरेतून मोठं ब्लॉकेज सहसा सुटत नाही, पण तो नाहक धोक्याची घंटा बऱ्याचदा वाजवतो. सीटी ‘७० च्या वर आहे’ म्हणाली तर ते बहुधा खरं असतं. म्हणून डॉपलर आधी आणि त्यात काही निघालं तर सीटी किंवा एमआर, हा क्रम शहाणपणाचा आहे. युरोपातल्या रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेचं मार्गदर्शनही असंच आहे: ऑपरेशनचा विचार असेल तर डॉपलरची खातरजमा सीटीने, एमआरने किंवा निदान दुसऱ्या तज्ज्ञाने पुन्हा केलेल्या डॉपलरने करावी. एकाच डॉपलरवर कुणी मानेला सुरी लावायला निघालं असेल तर दुसरी तपासणी मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

‘काही त्रास नाही, पण चेकअपमध्ये करून घेतलं तर बिघडलं कुठे?’

बिघडतं, आणि ते हिशेबाने दाखवता येतं. समजा, तक्रार नसलेल्या १,००० जणांचा डॉपलर केला आणि त्यातल्या १० जणांच्या मानेत खरंच ७० टक्क्यांच्या वर ब्लॉकेज आहे. वरच्या आकड्यांप्रमाणे त्यातले ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी साधारण १५८ जणांनाही ‘ब्लॉकेज आहे’ असा रिपोर्ट जाईल. वरचे आकडे आजाराचा संशय असलेल्या रुग्णांतून आले आहेत, त्यामुळे निरोगी लोकांत नेमकी संख्या वेगळी येईल. पण ताळेबंद असाच राहतो. एका खऱ्या रुग्णामागे अनेक घरांत विनाकारण घबराट, पुढच्या तपासण्या, कॉन्ट्रास्ट आणि कधी कधी नको असलेलं ऑपरेशन. अमेरिकेचं प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स म्हणूनच लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची ही तपासणी करू नये असं सांगत आलं आहे. २०२१ मध्ये त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

यावर रास्त आक्षेप असा की, ज्या ९ जणांचं खरं ब्लॉकेज सापडलं त्यांचा तर जीव वाचला ना? इथे क्रेस्ट-२ उपयोगी पडते. लक्षणं नसलेले, पण ७० टक्के किंवा जास्त ब्लॉकेज असलेले रुग्ण तिच्यात होते. डॉपलरवर वेग २३० च्या वर गेला एवढा एकच पुरावा प्रवेशासाठी पुरेसा धरला नव्हता. जोडीला आणखी एक खूण लागत होती. सगळ्यांना कडक औषधोपचार मिळाले: रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल काटेकोर मर्यादेत, तंबाखू बंद. काहींना त्याशिवाय स्टेंट किंवा प्लाक खरवडून काढायचं ऑपरेशन. चार वर्षांत उपचाराच्या सुमाराला झालेले पक्षाघात आणि मृत्यू, तसंच पुढे त्याच बाजूला झालेले पक्षाघात मोजले. स्टेंटची आणि ऑपरेशनची तुलना वेगवेगळ्या रुग्णांत झाली, म्हणून नुसत्या औषधांचे आकडे दोन येतात. स्टेंटच्या तुलनेत नुसत्या औषधांवर ६ टक्के आणि स्टेंटसह २.८ टक्के. ऑपरेशनच्या तुलनेत नुसत्या औषधांवर ५.३ आणि ऑपरेशनसह ३.७, आणि हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणता आलं नाही.

म्हणजे स्टेंटचा काही फायदा दिसला, ते नाकारू नये. पण नुसत्या औषधांवर असलेल्या १०० पैकी साधारण ९४ जणांना चार वर्षांत यातलं काहीच झालं नाही. आणि हे निकाल निवडक, कुशल हातांचे आहेत. आपल्या डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या स्टेंटमध्ये पक्षाघाताचं प्रमाण किती आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय हे आकडे आपल्याला लागू करता येत नाहीत.

ज्यांना आधीच हृदयविकार आहे किंवा पायांच्या वाहिन्यांत ब्लॉकेज आहे, किंवा स्टेथोस्कोपने मानेत घरघर ऐकू आली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डॉक्टरांनी डॉपलर सांगितला तर तो पॅकेजचा डॉपलर नसतो.

टक्क्यांत न मावणारी गोष्ट

तुकडा सुटतो तो प्लाकमधून, म्हणून प्लाक कसला आहे हेही बघायला हवं. ५० टक्के अडवणारा मऊ, फाटका प्लाक कधी कधी ८० टक्के अडवणाऱ्या टणक, जुन्या, चुनखडी प्लाकपेक्षा जास्त घातक असतो. सोनोग्राफीत काळपट दिसणारा प्लाक चरबीने किंवा रक्ताने भरलेला असू शकतो. सीटीवर पृष्ठभागातला खड्डा दिसतो. वाहिनीच्या भिंतीसाठी केलेल्या खास एमआरआयमध्ये प्लाकच्या पोटात झालेला रक्तस्राव चमकतो, आणि अशा रुग्णांना पुढे पक्षाघात होण्याचा धोका जास्त असतो. ही तपासणी अजून सगळीकडे होत नाही. पण साध्या रिपोर्टातही टक्क्यांच्या खाली प्लाकबद्दल एक-दोन ओळी असतात, त्या वाचाव्यात.

लक्षण दिसलं असेल तर हिशेब उलटा

आतापर्यंत सबुरीचं सांगितलं, ते लक्षण नसलेल्यांसाठी. टीआयए झाला असेल तर एक दिवसही घालवू नये. नॅसेटमध्ये लक्षणं असलेल्या आणि ७० टक्क्यांच्या वर ब्लॉकेज असलेल्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला. ऑपरेशन झालेल्यांत ९ टक्क्यांना. एवढा मोठा फायदा वैद्यकात क्वचित दिसतो.

पण तो वेळेवर अवलंबून आहे. पीटर रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुन्या चाचण्यांची माहिती एकत्र करून दाखवलं की ५० टक्के किंवा जास्त ब्लॉकेज असलेल्यांत, शेवटच्या लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत पाच जणांवर ऑपरेशन केलं तर पुढच्या पाच वर्षांतला एक पक्षाघात टळतो. बारा आठवड्यांनंतर तेवढ्याच फायद्यासाठी १२५ जणांवर ऑपरेशन करावं लागतं. इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच तज्ज्ञांनी तपासल्यापासून २४ तासांत मानेची चित्रं काढायला सांगतात.

अशा वेळी कोणतं यंत्र सर्वोत्तम हा वाद बाजूला ठेवावा. त्या हॉस्पिटलात त्या दिवशी जी तपासणी नीट होऊ शकते ती करावी. शहरात बहुधा ती सीटी अँजिओ असते, कारण मेंदूचा सीटी काढतानाच मानही होऊन जाते. लक्षणं चालू असतील तर १०८ ला फोन करून सीटी असलेल्या हॉस्पिटलात जावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. हात परत हलायला लागला म्हणून घरी थांबू नये.

पुढे लक्ष ठेवताना

औषधांवर ठेवलेल्या रुग्णाचा डॉपलर ठरावीक काळाने पुन्हा करतात. तो शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने करावा आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा. एक वर्ष डॉपलर आणि पुढच्या वर्षी सीटी करून दोन टक्क्यांची वजाबाकी केली तर ‘ब्लॉकेज वाढलं’ किंवा ‘औषधाने विरघळलं’ असा खोटाच निष्कर्ष निघतो. डॉपलरशी डॉपलर ताडायचा, आणि तोही टक्क्यांपेक्षा वेगाच्या आकड्यांनी.

स्टेंट टाकलेल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. स्टेंटमुळे वाहिनीची भिंत ताठर होते आणि आत काहीही साठलेलं नसताना रक्ताचा वेग जास्त येतो. १२५ आणि २३० च्या मर्यादा तिथे तशाच लावल्या तर चांगला चाललेला स्टेंटही ‘ब्लॉक’ ठरतो. त्यासाठी स्टेंटनंतर महिनाभरात एक डॉपलर करून तो आकडा नोंदवून ठेवतात आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशी ताडतात. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपताना, कोणत्या बाजूला आणि कधी स्टेंट टाकला आहे, ते डॉक्टरांना आधी सांगावं.